जयूच्या निबंधामागून तीन गावं

माझ्या भाचीचं नाव घेणारी माणसं जगाच्या कुठल्या कुठल्या टोकाला बसलेली आहेत, हे मला गेल्या थंडीपर्यंत ठाऊक नव्हतं. जयू परदेशात, कॅनडात, विद्यापीठात शिकवते, एवढं ठाऊक. काय शिकवते असं कोणी विचारलं की मी "अर्थशास्त्र" म्हणायचो आणि छाती पुढे काढायचो. विचारणाराही गप्प व्हायचा. त्यालाही माझ्याइतकंच कळत असणार.

मी स्वतः तिसरी शिकलो. चौथीत बसलो होतो, पण मास्तरांशी पटलं नाही. तेव्हा या लिहिण्यात चुका निघतील. निघोत. गेलो मी, पाहिलं मी, तर लिहिणारही मीच. आमच्याकडची माणसं काशी-रामेश्वर करून येतात आणि त्यावर पानंच्या पानं लिहितात. मी आपल्याच तालुक्यात तीन दिवस हिंडलो आणि तोंडात बोट घालून परत आलो.

जयू माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. आमचं घर विरारच्या उत्तरेला, वैतरणेच्या खाडीवर. बहीण दिली होती तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला, नायगावच्या बाजूला, वसईच्या खाडीवर. ती आता नाही. जयू सुट्टीत आली ती माझ्याकडे उतरली आणि दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता म्हणाली, "मामा, तीन गावं फिरायचीयत. पूर्वी जिथल्या बायकांशी मी बोलले होते, तीच. येता बरोबर?"

"एकटी जायला भितेस?"

"भीत नाही. तुम्ही बरोबर असलात की लोक दारं उघडतात."

हे खरं होतं. मी धोतराला इस्त्री करायला सांगितली.

अर्नाळा

तुम्ही अर्नाळ्याला सहलीला गेला असाल. वाळूत बसून किल्ल्याकडे पाहिलं असेल, मुलांना घोड्यावर बसवलं असेल. आम्ही गेलो ते घरांच्या मागच्या अंगाला, जिथे मासळी सुकते. बांबूंच्या ओळीच्या ओळी आणि त्यांवर बोंबील तोंडात तोंड अडकवून टांगलेले. वारा आला की सगळी ओळ एकदम हलते. वासाची सवय नसेल त्यानं नाकाला रुमाल लावावा. मला तो वास आवडतो.

जयू थेट बायकांत जाऊन बसली. परदेशात राहून तिची मांडी मोडलेली नाही, हे पाहून मला बरं वाटलं. एक म्हातारी जवळा पसरत होती. हात न थांबवता म्हणाली, "तू तीच ना गं, मागं कागद घेऊन आलेली? अजून तुजं लिवून नाय झालं?"

"नाही झालं, मावशी."

"माजा नातू तुज्यापरीस हुशार. एका वर्षात नापास होऊन मोकळा झाला."

सगळ्या हसल्या. जयू सर्वांत मोठ्यानं हसली. मग तिनं त्यांना विचारलं, पहाटे कधी उठता, मासळी निवडायला कोण, विकायला कोण, घरी स्वयंपाक कोण करतं. बायका सांगत होत्या आणि काम चालूच होतं. ओल्या मासळीला पाहुणा आलाय हे कळत नाही. ती थांबत नाही.

दुपारी आगाशीला आलो. तिथे निखाऱ्यावर कोंबडी भाजून पोह्यांत कालवतात, त्याला भुजिंग म्हणतात. ते खाल्ल्याशिवाय अर्नाळ्याहून परतायचं नाही, असा माझा नियम आहे. माझे दात गेले, नियम राहिला. मी पोहे खात होतो आणि जयू कोंबडी खात होती. तेव्हा मी तिला विचारलं, "एवढं विचारून तू करतेस काय?"

"निबंध लिहिते. शोधनिबंध."

"किती लिहिलेस?"

"बरेच. पण मामा, आमच्यात किती लिहिलं याला अर्धीच किंमत. आपण लिहिलेल्यावर भरवसा ठेवून पुढे किती जणांनी लिहिलं, ते खरं. माझ्या लेखाचा आधार घेतला की त्यांनी खाली माझं नाव द्यायचं. तशी रीत आहे."

"आणि नाव घेतल्याचे पैसे?"

"काही नाही."

"मग कशाला घेतात?"

"घेतलं नाही तर चोरी होते."

हे मला पटलं. तिनं फोन काढला. तिचा एक निबंध आहे, सगळ्यांत जास्त नाव झालेला, आणि तो आपल्या या खाडीकाठच्या बायकांवर आहे. त्याखाली त्याचा आधार घेणाऱ्यांची नावं. तिनं बोट फिरवलं, नावं वर गेली. पुन्हा फिरवलं, आणखी आली. मी म्हटलं, कोण ही माणसं? ती वाचून सांगू लागली. हा चिलीचा, तिकडच्या मासेमाऱ्यांवर लिहितो. ही व्हिएतनामची, मिठागरातल्या बायकांवर. हा घानाचा. हे एका सरकारच्या समितीचं. हे पुस्तक, मुलांना शिकवायचं. ती बोट फिरवत राहिली आणि नावं संपेनात. माझ्या पोह्यांचा घास हातातच राहिला.

व्हिएतनामात मिठागर आहे हेच मला माहीत नव्हतं. तिथली कोणी बाई रात्रीचा दिवस करून लिहिते आणि खाली आमच्या जयूचं नाव टाकते. आमची खाडी, जिच्या चिखलात मी निवट्या, उड्या मारणारे ते मासे, पकडले, ती त्या बाईनं कधी पाहिली नाही, पाहणारही नाही. तरी ती बाई जयूच्या भरवशावर उभी आहे. मी ज्या जमिनीत राबलो ती खारजमीन. तिथे पहिला बांध खाडीच्या तोंडावर असतो आणि मागच्या प्रत्येकाचं भात त्या एका बांधाच्या जिवावर. मागच्या शेतकऱ्याला पहिल्या बांधाच्या धन्याचं तोंडही माहीत नसतं. मी जयूला तसं म्हटलं. तिनं फोन पालथा ठेवला.

मग म्हणाली, "म्हणूनच आलेय, मामा. बांधाला भोक पडलंय असं एक जण म्हणतोय."

ते असं. जयूनं लिहिलं होतं की मिठागरं बंद पडली, खारजमिनीत भात लावणं थांबलं, पुरुष वसई पूर्वेच्या गाळ्यांत, लहान कारखान्यांत, कामाला लागले आणि मासळीची गावं सोडली तर बायकांचं काम सुटलं. त्या घरी बसल्या. जगात इतरत्रही असंच होतं का, हे पाहायला बाकीच्यांनी तिचा आधार घेतला. आता अमरावतीकडचा कोणी तरुण, अजून शिकतोच आहे, त्यानं लिहिलं की हे खरं नाही. बायकांचं काम सुटलेलं नाही. आणि यंदाच तिला विद्यापीठात मोठी जागा मिळायची होती. त्या जागेसाठी विचारतात, काय लिहिलं आणि त्यावर किती जण उभे राहिले.

"त्या पोराला काय कळतंय?" मी म्हटलं.

"तेच बघायचंय. मी दोनदा फिरलेय ही गावं. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, बायका रिकाम्या बसलेल्या."

"मग झालं तर. तू या खाडीची पोर. तो कोण?"

कळंब

कळंबला आता समुद्रावर सुरूच्या झाडांत पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्यात. शनिवार-रविवारी मुंबईची माणसं येतात, वाळूत क्रिकेट खेळतात, ओल्या अंगानं पलंगावर झोपतात. आम्ही गेलो तो मधला वार होता. समुद्र होता आणि कुत्री होती. मी कितीतरी वर्षांनी लाटेत पाय घातले. एक चप्पल लाटेनं नेली आणि दुसऱ्या लाटेनं परत आणून दिली. असा प्रामाणिकपणा आमच्या गावातही उरलेला नाही.

जयूनं तीन-चार घरं केली. कळंबच्या बायकांचं मला कौतुक वाटलं. आम्ही अंगणात शिरलो की घरात एकदम लगबग, आणि ओट्यावर येईपर्यंत खाटेवर धुतलेली चादर पसरलेली, खुर्च्या मांडलेल्या. पदराला हात पुसत बाई समोर बसणार, चहा येणार, चहाबरोबर वेफर येणार. जयू विचारायची, "काय करता हल्ली?" बाई हसून म्हणायची, "काय नाय. घरीच असते." मग दोघी कोणाचं लग्न झालं, कोणाची सून कशी, यावर बोलायच्या.

संध्याकाळी परतताना रिक्षात जयूचा चेहरा खुलला होता. "बघा मामा. चौघींपैकी एकीच्याही हाताला काम नाही. मी लिहिलेलं बरोबर आहे."

मी म्हटलं, "मी कधी शंका घेतली?"

रिक्षावाला हिंदी बोलणारा होता. त्याला मी सांगितलं की ही माझी भाची, हिचं नाव घानामध्ये घेतात. तो म्हणाला, "अच्छा? छुट्टा है क्या?"

जयूचं माहेर

तिसऱ्या दिवशी नायगावच्या बाजूला गेलो. मिठागरात आता गवत उभं आहे. पलीकडे उंच इमारती, अलीकडे जुनी कौलं, मध्ये खाडी तशीच. बगळेही तसेच. माझ्या बहिणीचं घर तिच्या मुलानं स्लॅबचं केलंय. त्याची बायको भारती, म्हणजे जयूची वहिनी, दारात भाकरीचा तुकडा आणि पाणी घेऊन उभी होती, ओवाळून टाकायला. माहेरवाशीण इतक्या वर्षांनी आलेली. मला नुसतं "मामा, या" म्हणाली. मी राग मानला नाही.

जेवायला चिंबोऱ्यांचं कालवण आणि तांदळाची भाकरी. आमच्याकडे चिंबोरी फोडून घालतात, इथे अख्खी घालतात. कोणाची पद्धत बरोबर यावर माझं आणि बहिणीचं चाळीस वर्षं भांडण होतं. त्या दिवशी मी अख्खी चिंबोरी मुकाट्यानं खाल्ली. जेवणानंतर शेजारच्या दोघी आल्या. तेच बोलणं झालं. काय करता? काय नाय, घरीच. सगळ्या हात मांडीवर ठेवून बसलेल्या. मधेच कोणीतरी जयूला गजरा माळला.

निघालो. नाक्यापर्यंत आलो आणि मी खिसा चाचपला तर चष्मा नाही. खाटेवर राहिला होता. "तुम्ही थांबा, मी आणते," जयू म्हणाली. मी म्हटलं, मला काय पाय नाहीत? दोघं परत गेलो.

दार उघडंच होतं. खाटेवरची चादर आता नव्हती. खाटेखालून ओढलेल्या ताटल्या जमिनीवर मांडलेल्या होत्या. ताटल्यांत काचेचे खडे, सोनेरी पत्र्याची कानातली, गोंदाच्या नळ्या. भारती आणि त्या दोघी शेजारणी खाली मान घालून एकेक खडा उचलून चिकटवत होत्या. बोटं इतकी भराभर चालत होती की मला ती दिसेनात. कोपऱ्यात भरलेल्या पिशव्या.

मला त्यात काही विशेष वाटलं नाही. नकली दागिन्यांचं हे काम इकडे घरोघर येतं हे मी ऐकून होतो. मी चष्मा शोधायला लागलो. पण जयू उंबऱ्यावर खिळली होती.

"वहिनी, हे काय?"

भारती दचकली. हातातलं ताटलीत टाकून उठली. "अगं, तू परत आलीस? थांब, आवरते. बस ना खाटेवर."

"आवरू नको. हे कधीपासून करता?"

"कधीपासून म्हंजे? मिठागर बंद झाल्यापासून. आदी मोती ओवायचो, आता खडे."

"मी मागे आले होते तेव्हाही?"

"तवा पण."

"मग मला सांगितलं का नाही? दाखवलं का नाही?"

शेजारणींतली वयस्कर होती ती हसली. "काय बोलते ही! माहेरची पोर घरी आली आनि आमी तिच्यासमोर पसारा मांडून बसू? लोकं काय म्हनतील, भाऊ खायला घालत नाय, पाहुनी आली तरी बायका मजुरी करतायत?"

"आणि तो मुलगा आला होता? अमरावतीचा?"

"तो होय! तो आला, दारात उभा ऱ्हायला. त्याच्यासाठी कशाला उठायचं? तो काय आपला हाय? इचारत होता, आमी सांगत होतो, काम चालू होतं."

जयू खाली बसली. जमिनीवरच. तिनं एक खडा उचलून पाहिला. मला वाटलं रडते की काय. ती रडली नाही. म्हणाली, "मामा, तुम्हाला ही रीत माहीत होती?"

"पाहुण्यासमोर काम काढून बसू नये, हे कोणाला माहीत नाही? तुझ्या आईनंच तुला शिकवलं असेल."

"शिकवलं होतं," ती म्हणाली. "म्हणूनच मला दिसलं नाही."

तेव्हा मला कळलं. कळंबच्या त्या धुतलेल्या चादरी कशासाठी होत्या, तेही कळलं. अर्नाळ्याची मासळी खाटेखाली ढकलता येत नाही. खडे ढकलता येतात. आणि ज्या माणसाला आम्ही मान दिला, त्यालाच आम्ही फसवलं. दरवेळी. मान देऊनच.

परत

माझ्या घराशी पोहोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. मी अंगणात नेहमीप्रमाणे खाकरणार, तेवढ्यात जयूनं माझा दंड धरला. "मामा, आज खाकरू नका."

सासऱ्यानं घरात शिरताना खाकरावं, सुनेला पदर सावरायला वेळ मिळावा, ही आमची जुनी चाल. मी म्हटलं, माझ्या घरात असलं काही नाही. माझ्या सुनेला बाहेरचं काम घेण्याची वेळ मी येऊ दिलेली नाही. "मग न खाकरता चला," ती म्हणाली. गेलो.

माझी सून निर्मला स्वयंपाकघरात ताटली मांडून बसली होती. तेच खडे.

"बाबा! तुम्ही आवाज नाही दिला?"

मी ओट्यावर येऊन बसलो. निर्मला मागोमाग आली, म्हणाली, "टाइमपास म्हणून करते हो, बाबा. फारसं नाही." भरलेल्या पिशव्या मला दिसल्या होत्या. मी अंगणाकडे पाहिलं. एवढी वर्षं मी रोज अंगणातून तिला इशारा देत आलो होतो.

मग जयूशी मात्र भांडलो. मी म्हटलं, हे लिहू नकोस. तुझी मोठी जागा जाईल. तो पोरगा लिहितोय, लिहू दे. तुझं नाव घेणारी एवढी माणसं आहेत, त्याचं नाव कोण घेतं? आणि माझ्या घरातलं हे जगाला कशाला सांगायचं?

ती म्हणाली, "मामा, ती व्हिएतनामची बाई माझ्या भरवशावर पुढे लिहितेय. तिला न सांगता मी झोपू कशी?"

"ती तुझी कोण लागते?"

"कोणी नाही."

एवढं म्हणून तिनं माझ्यासमोर त्या अमरावतीच्या पोराला फोन लावला. पलीकडे तो बहुधा घाबरला असावा, कारण ती म्हणत होती, "नाही, नाही, रागावलेली नाही. तुमचं बरोबर आहे, माझं चुकलंय. का चुकलं तेही आज कळलं, ते मी माझ्या नावानं छापणार आहे." मी आयुष्यात भरपूर मोठी माणसं पाहिली. सरपंच पाहिले, आमदार पाहिले, मिठागराचे शेठ पाहिले. आपलं चुकलं, असं फोन लावून सांगणारा यांतला एकही नव्हता. मीही नव्हतो. ज्या बांधावर एवढ्यांची शेतं, तो तिनं आपल्याच हातानं खणायला घेतला आणि तिचा आवाज जराही हलला नाही.

फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "गावं परत पहिल्यापासून करावी लागतील. पण ती मी नाही करू शकत."

"का? मी येतो की बरोबर."

"मी आले की आवरणारच. मला इथलं काही खरं दिसणार नाही, मामा. कधीच. तो करेल, त्याला मी माझे जुने कागद देणार आहे. तो विरारला लॉजवर उतरेल."

हे मला सहन झालं नाही. "माझ्या गावात कामाला आलेला माणूस लॉजवर? माझं घर काय पडलंय? इथे उतरेल, इथे जेवेल."

"तुमच्याकडे जेवला की तो तुमचा पाहुणा. तुमचा पाहुणा म्हणजे गावाचा. मग त्याच्यासाठीही लोक आवरतील." तिनं माझे दोन्ही हात धरले. "त्याला घरात घेऊ नका. ओळखही दाखवू नका. माझ्यासाठी एवढं करा."

जयू गेली. काही महिन्यांनी तिचा फोन आला. छापून आलं होतं. त्यात तिनं आपल्या आईच्या गावची ती रीत आणि आपली चूक, दोन्ही सविस्तर लिहिलंय म्हणे. व्हिएतनामच्या बाईचं पत्र आलं, ती आता तिकडे पाहुणी म्हणून कुठे कुठे गेली होती ते आठवत बसलीय. मोठ्या जागेचं अजून काही कळलेलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, "कळेल तेव्हा कळेल." माझ्यापेक्षा हट्टी आहे.

परवा तो अमरावतीचा आला. भर दुपारी, डोक्याला रुमाल बांधलेला, खांद्याला पिशवी. काटकुळा पोरगा. आमच्या पलीकडच्या घरापासून त्यानं सुरुवात केली. शर्ट पाठीला चिकटलेला, ओठ सुकलेले. माझ्या अंगणासमोर येऊन घटकाभर सावलीला उभा राहिला आणि माझ्याकडे पाहून हसला. मी ओट्यावर होतो, शेजारी माठ भरलेला. उन्हातून आलेल्या माणसाला मी कधी तसा जाऊ दिलेला नाही, माझ्या बापानंही नाही. सवयीनं खाकरायलाही आलं. एक हात माठाकडे गेला, तो मी मागे घेतला.

मी तोंड फिरवलं आणि रस्त्याकडे बघत बसलो. तो माझ्या शेजारून घरात गेला, आणि मी त्याला पाणी विचारलं नाही.